दवाखाना, योजना आणि खिशातला खर्च: घरोघरच्या पाहणीच्या प्रकल्प नोंदी

२ जानेवारी २०२५, गुरुवार

सरकारी योजनेत (मुख्यतः महात्मा फुले जन आरोग्य योजना) पैसे न भरता उपचार होत असूनही दवाखान्यात घरच्या खिशातून किती जातं, हे घरोघर विचारायच्या पाहणीचा आराखडा आज पक्का झाला. तालुके तीन: गंगाखेड (परभणी), कळमनुरी (हिंगोली), तुळजापूर (धाराशिव). प्रत्येकी ८ गावं, गावात २० घरं, म्हणजे ४८० मुलाखती. तालुके निवडताना दवाखान्याच्या वाटा बघितल्या. गंगाखेडचा पेशंट परभणीला नाहीतर अंबाजोगाईला जातो, कळमनुरीचा हिंगोली नाहीतर नांदेडला, तुळजापूरचा सरळ सोलापूरला. भाडं आणि सोबतच्या माणसाचे बुडालेले दिवस तिन्हीकडे वेगळे पडतात.

गावं २०११ च्या जनगणनेच्या यादीतून, लोकसंख्येच्या प्रमाणात काढली. ती यादी गाव निवडायला चालते, घर निवडायला नाही. त्यामुळे प्रत्येक गावात एक दिवस घरयादी आणि दुसऱ्या दिवशी मुलाखती. ३०० घरांच्या वरचं गाव असेल तर गल्ल्यांप्रमाणे भाग पाडून एक भाग चिठ्ठीने काढायचा आणि किती भागांतून काढला ते लिहून ठेवायचं. आशाताईंची (गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांची) नोंदवही ताळ्याला घ्यायची, नमुना तिच्यातून काढायचा नाही. मुलाखतीच्या वेळी आशाताईंनी घरात बसायचंही नाही. योजनेचं आयुष्मान कार्ड काढायला त्याच मागे लागलेल्या असतात, त्यांच्यासमोर कोण कशाला नाही म्हणेल?

वर्षभरात कोणी ॲडमिट झालेलं आहे अशी घरं गावात थोडीच. सरसकट २० घरं उचलली तर खर्चाचा भाग भरायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मिळतील. म्हणून घरयादीतच एक प्रश्न टाकला: गेल्या वर्षभरात घरातलं कोणी दवाखान्यात रात्रभर राहिलं का? हो म्हणणाऱ्या घरांतून १०, बाकीच्यांतून १०. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) घरांचे असेच गट पाडले होते. हिशेबाच्या वेळी वजनं (नमुन्यातलं एक घर यादीतल्या किती घरांच्या जागी धरायचं तो आकडा) लावावी लागतील, ते ध्यानात ठेवायचं.

६ जानेवारी, सोमवार

प्रशिक्षण, पहिला दिवस. मुलाखत घेणारे ८, पर्यवेक्षक २. निम्मा दिवस ‘घर म्हणजे काय’ यावरच गेला.

घर म्हणजे एक चूल. रेशन कार्ड दोन असली तरी चूल एक तर घर एक. पण योजनेचं कुटुंब रेशन कार्डावर ठरतं. म्हातारा-म्हातारी पिवळ्या कार्डावर, ल्योक-सून केशरी कार्डावर, जेवतात एकाच चुलीवर. म्हणून माणसांच्या यादीत प्रत्येकासमोर ‘कार्ड क्रमांक १ की २’ असा रकाना ठेवला. कार्डाचा नंबर घ्यायचा नाही, फोटो काढायचा नाही. रंग बघायचा आणि नावं मोजायची.

वर्षभरात वारलेली माणसं यादीत येत नाहीत आणि मोठा खर्च बहुतेक त्यांच्यावरच झालेला असतो. त्यांच्यासाठी वेगळा भाग. तेराव्याचा खर्च त्यात धरायचा नाही.

बाळंतपण माहेरी झालं तर? बाई ज्या घरात राहते त्या घरातच नोंद. खर्च पूर्ण लिहायचा आणि ‘कोणी भरला’ मध्ये माहेर. माहेरचं घर नमुन्यात आलं तर तिथे तीच गोष्ट पुन्हा लिहायची नाही.

९ जानेवारी, गुरुवार

नमुन्याबाहेरच्या एका गावात १६ घरांवर चाचणी. विम्याचा प्रश्न सपशेल पडला.

‘घरात कोणाचा विमा आहे का?’ यावर पहिलं उत्तर, “हाय की, सोयाबीनचा भरला. एक रुपया लागतोय.” २०२३ च्या खरिपापासून पीक विमा एक रुपयात भरता येत होता, आणि गावात नुसतं ‘विमा’ म्हटलं की तोच. प्रश्नात ‘आरोग्य’ शब्द घालून बघितला. मग बँकेचं पासबुक बाहेर आलं: ४३६ रुपये आणि २० रुपये कापलेले. ४३६ हा पंतप्रधान जीवन ज्योतीचा हप्ता, म्हणजे माणूस गेल्यावर मिळणारा. २० हा सुरक्षा विम्याचा, अपघातात मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर. दवाखान्याच्या बिलाला दोन्हींचा उपयोग नाही. आणि भिंतीला केशरी कार्डाची झेरॉक्स खोचलेली असलेलं घर म्हणालं, विमा-बिमा काही नाही.

मुळात प्रश्नच चुकीचा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पिवळी, केशरी कार्डं पहिल्यापासून होती. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही ती लागू होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती सगळ्याच कुटुंबांना खुली झाली, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि १ जुलै २०२४ पासून अंमल आहे. म्हणजे कागदावर विचारलं तर जवळपास प्रत्येक घर ‘विमा असलेलं’. तो आकडा काढून उपयोग काय?

१० जानेवारी, शुक्रवार

प्रश्न मोडून चार केले.

पहिला: ऑपरेशनला किंवा मोठ्या आजाराला पैसे न भरता दवाखाना होतो, अशी योजना ऐकली आहे का? नाव आपण सांगायचं नाही, ते जे म्हणतील ते टिपायचं. जीवनदायी, राजीव गांधी, फुले, मोदी कार्ड, पाच लाखाचं कार्ड, सगळं चालेल. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात नांदेड होतं. २०१७ मध्ये नाव बदललं तरी त्या बाजूला जुनं नाव ऐकू येणारच.

दुसरा: आयुष्मान कार्ड कोणाकोणाचं निघालं आहे? माणसागणिक, शक्यतो कार्ड बघून. ७० च्या वरच्यांचं वय वंदना कार्ड वेगळं. ते ऑक्टोबर २०२४ अखेरीस सुरू झालं, त्यामुळे फार जणांकडे नसेल.

तिसरा: ॲडमिट झाले तेव्हा दवाखान्यात योजनेबद्दल विचारलं का, कार्ड दाखवलं का?

चौथा: मग काय झालं? इथे पर्याय लोकांच्याच बोलीत ठेवले: ‘योजनेत बसलं’, ‘हा आजार बसत नाही म्हणाले’, ‘त्या दवाखान्यात योजनाच नाही’, ‘अर्धं योजनेत, अर्धं रोख’, ‘कागद आणेपर्यंत सुट्टी झाली’. या पाच ओळींसाठीच सगळी पाहणी आहे असं म्हटलं तरी चालेल.

याच कामात फॉर्ममधली मोठी चूक सापडली. ‘योजनेत बसलं’ निवडलं की खर्चाचा पूर्ण भाग टॅबवर लपत होता, म्हणजे खर्च आपोआप शून्य. योजनेत उपचार, तपासण्या, औषधं, जेवण आणि परतीचं भाडं धरलेलं आहे हे खरं, पण मंजुरी येण्याआधीच्या तपासण्या, बाहेरून आणलेली औषधं आणि सोबत्याचा खर्च घरचाच असू शकतो. अट काढून टाकली. आता खर्चाचा भाग सगळ्यांनाच.

खर्च एका आकड्यात विचारायचा नाही. ‘बिल किती झालं?’ म्हटलं की डॉक्टरचं तेवढं सांगतात. नऊ रकाने केले: दवाखान्याचं बिल किंवा पॅकेज, मेडिकल, लॅब, सोनोग्राफी-सीटी, रक्त, जाण्यायेण्याचं भाडं, खाणं-राहणं, इतर, आणि शेवटी वेगळा रकाना बुडालेल्या मजुरीचा. मजुरी खर्चाच्या बेरजेत धरायची नाही.

एक गंमत आणि एक धडा. ‘बाहेरचा खर्च किती?’ असा प्रश्न होता, औषधांसाठी. एका आजीने लिंबू, कोंबडं आणि देवऋष्याची दक्षिणा मोजून दाखवली. ‘बाहेरचं’ म्हटल्यावर दुसरं काय समजणार! आता प्रश्न असा: ‘चिठ्ठी देऊन मेडिकलवरून आणायला लावलेली औषधं’. आजींचा खर्च ‘इतर’ मध्ये ठेवला, खर्च तो खर्च.

१३ जानेवारी, सोमवार

तुळजापुरात शाकंभरी नवरात्र आज पौर्णिमेला संपतंय. तोवर मुक्कामाला जागा मिळणं अवघड, म्हणून तुळजापूर शेवटी. सुरुवात गंगाखेड आणि कळमनुरी एकाच वेळी. सामान: टॅब १० अधिक जास्तीचे २, २०,००० एमएएचच्या पॉवर बँक प्रत्येकी एक, कागदी फॉर्म गावामागे ५, खडू, पाण्याच्या बाटल्या.

१६ जानेवारी, गुरुवार

कळमनुरीचं पहिलं गाव. घरयादी दुपारी दोनला ‘पूर्ण’ म्हणून आली आणि नकाशाशी ताळा करताना तांडा नाही हे दिसलं. तांडा गावापासून दोन किलोमीटरवर, पण महसुली गाव तेच, जनगणनेत लोकसंख्याही त्याच गावात धरलेली. सोडला तर दवाखान्यापासून सगळ्यात लांबची घरंच गळाली. त्यात शेतातले आखाडे वेगळे: काही घरं वर्षभर आखाड्यावरच राहतात, गावातल्या घराला कुलूप. यादी करणारा कुलूप बघून ‘बंद’ लिहून पुढे जातो.

नियम केला: घरयादी सुरू करण्याआधी पोलीस पाटील, कोतवाल किंवा पाणी सोडणारा, यांपैकी एकाला विचारून तांडे, वस्त्या, आखाडे कागदावर मांडायचे. ते सगळे फिरून झाल्याशिवाय पर्यवेक्षकाने सही करायची नाही. तांड्यावर गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी एक मुलगी दोन दिवस सोबत घेतली. म्हाताऱ्या बाया मराठी समजतात, पण पैशाचा हिशेब आपल्या भाषेतच नीट करतात.

जीपीएस पत्र्याखाली घेत नाही. अंगणात उभं राहून, अचूकता १० मीटरच्या आत आली की मगच जतन करायचं.

१८ जानेवारी, शनिवार

‘गेल्या ३६५ दिवसांत’ हा शब्दप्रयोग कोणाच्याच कामाचा नाही. लोक दोन वर्षांपूर्वीचं ऑपरेशनही सांगतात, कारण मोठा खर्च कालच झाल्यासारखा वाटतो. गर्भाशय काढल्याच्या बाबतीत हे जास्त होतं. ‘पिशवी काढली’ ते कधी, हे सालाने सांगणाऱ्या बाया थोड्या. (तो प्रश्न बाईनेच, बाईला एकटीला गाठून विचारायचा. घरातले पुरुष बसलेले असतील तर शेवटी ठेवायचा.)

घटनांची पट्टी तयार करून टॅबच्या मागे चिकटवली. सुरुवातीची हद्द: अयोध्येत राम मंदिर झालं तो दिवस, २२ जानेवारी २०२४, आपला वर्षाचा काळ साधारण तिथूनच सुरू होतो. पुढे पाडवा ९ एप्रिल; लोकसभेचं मतदान, परभणी-हिंगोलीत २६ एप्रिल आणि धाराशिवला ७ मे; कळमनुरीकडे १० जुलैचा सकाळचा भूकंपाचा धक्का; लाडक्या बहिणीचा पहिला हप्ता, राखीपौर्णिमेच्या तोंडावर; पोळा २ सप्टेंबर, अतिवृष्टीत गेलेला; गौरी; दसरा; विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर; तुळजापूरला वेळ अमावस्या ३० डिसेंबर. ‘पोळ्याच्या आधी की नंतर?’ असं विचारलं की उत्तर लगेच येतं.

२१ जानेवारी, मंगळवार

गंगाखेडच्या बाजूला दोन गावांत बायकांनी दारातूनच परत पाठवलं. कारण लवकर कळलं: लाडक्या बहिणीच्या अर्जांची छाननी होणार अशी चर्चा चालू आहे, आणि आमच्या फॉर्मच्या तिसऱ्याच पानावर ‘चारचाकी आहे का?’ असा प्रश्न. टॅब हातात, गळ्यात ओळखपत्र, वर हा प्रश्न. आम्ही त्यांच्या जागी असतो तर आम्हीही दार लावलं असतं.

मालमत्तेचे प्रश्न उचलून मुलाखतीच्या अगदी शेवटी टाकले. ट्रॅक्टर, मोटरसायकल, फ्रिज यांच्या ओळीतच चारचाकी आली. संमतीपत्रात एक वाक्य वाढवलं: या पाहणीवरून कोणाचा लाभ सुरू होत नाही, बंदही होत नाही. ‘सुरू होत नाही’ हे आधी म्हणायचं. नाहीतर कार्ड काढून मिळेल म्हणून लोक तासभर बसवून घेतात.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत दुपारनंतर हळदी-कुंकू असतं. तुरीची काढणीही चालू आहे. मुलाखतीच्या वेळा सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ८.

२५ जानेवारी, शनिवार

गंगाखेडच्या एका तांड्यावर ६१ घरांपैकी २७ बंद. ऊसतोडीला गेलेले, पाडव्याच्या आसपास परततील. आपल्या नियमात ‘तीन फेऱ्या, मग बदली घर’ असं होतं. पण बदली म्हणून जे घर मिळतं ते गावात राहिलेल्याचं, म्हणजे वेगळ्याच प्रकारचं घर: कारखान्यावर आजारी पडलं तर दवाखाना कुठे, पैसे कोणाकडून, हे सगळं वेगळं.

ऊसतोडीने बंद असलेल्या घराला बदली घर द्यायचं नाही असं ठरवलं. ‘स्थलांतरित’ असा वेगळा शेरा, शेजाऱ्याकडून किती जण गेले एवढंच, आणि फेरी एप्रिलमध्ये. शेजाऱ्याला खर्च विचारायचा नाही. एकाने उत्साहाने सांगितला होता, तो फॉर्म बाद केला.

२९ जानेवारी, बुधवार

डाटा तपासणी. तीन गोष्टी.

‘२५’ आणि ‘२५०००’. लोक ‘पंचवीस लागले’ म्हणतात आणि टॅबवर तेवढंच पडतं. ॲडमिटच्या एकूण खर्चात ५०० च्या खाली आकडा आला की आता टॅब विचारतो: ‘रुपये की हजार?’ अडवत नाही, कारण सरकारी दवाखान्यात खरोखरच २०० रुपयांत, फक्त भाड्यावर भागलेली घरं आहेत.

दोन टॅबवर फॉर्मची जुनी आवृत्ती चालत होती. कोबोटूलबॉक्सवर (टॅबवरच्या फॉर्मची ऑनलाइन प्रणाली) सुधारलेला फॉर्म चढवला की काम झालं असं वाटतं, पण गावात रेंज नसली की टॅब जुनाच उघडतो. आवृत्तीचा क्रमांक पहिल्या पडद्यावर मोठ्या अक्षरात टाकला. सकाळी निघताना पर्यवेक्षकाने सगळ्यांचे बघायचे.

तिसरी गोष्ट जुनीच, प्रत्येक पाहणीत होणारी. ‘हो, ॲडमिट होते’ म्हटलं की पेशंटमागे ४० प्रश्न उघडतात, हे मुलाखत घेणाऱ्याच्या आठवडाभरात लक्षात येतं आणि ‘नाही’ वाढायला लागतं. ‘दोन पेशंट’ चा एक होतो. आपल्याकडे घरयादीतलं उत्तर आधीच हातात असल्यामुळे पकडता आलं: यादीत ‘हो’ आणि मुलाखतीत ‘नाही’ अशी ९ घरं, त्यातली ६ एकाच्या टॅबवरची. ती सहाही पुन्हा केली, दुसऱ्या माणसाने. रागावून उपयोग नव्हता. त्याचा दिवसाचा कोटा ५ वरून ४ केला. २० मिनिटांच्या आत संपलेल्या सगळ्या मुलाखतींना फोन, शिवाय सरसकट दहात एक.

३ फेब्रुवारी, सोमवार

गंगाखेड आणि कळमनुरी आज संपलं. फाईलबद्दल लिहून ठेवतो, तुळजापूरच्या आधी सगळ्यांनी वाचावं.

बहुतेक घरांत दवाखान्याची एक पिशवी असते. खुंटीला, पेटीत किंवा गादीखाली. ‘बिल आहे का?’ म्हटलं की ‘नाही’ येतं. ‘फाईल आहे का?’ म्हटलं की पिशवी येते. ती आपण उलटी करायची नाही, त्यांना काढू द्यायची. एका घरातला क्रम असा होता: वर सुट्टीचं कार्ड, अपेंडिक्स, चार दिवस. त्याखाली दवाखान्याची १८,००० ची पावती. त्याखाली मेडिकलची अकरा बिलं, पिनेने टाचलेली, थर्मल कागदावरची. त्यातल्या चारांची शाई उडालेली, नुसता पांढरा कागद. सोनोग्राफीचा फोटो आहे, पावती नाही. तोंडी एकूण आकडा आला होता १८,०००. रकान्याप्रमाणे विचारत गेल्यावर ३१,४०० झाला, त्यात गाडीचे १,८०० आणि पाहुण्यांकडून आणलेल्या डब्याचे शून्य.

शाई उडालेल्या बिलांचा आकडा अंदाजे लिहायचा आणि ‘तोंडी’ वर टिक करायची. प्रत्येक रकान्यासमोर ‘कागद बघितला / तोंडी’ हे आहेच. डिपॉझिट म्हणून आधी भरलेली रक्कम शेवटच्या पावतीत वळती झाली आहे का तेही बघायचं, नाहीतर तीच रक्कम दोनदा पडते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तुळजापूर, तिसरा दिवस. गेल्या १५ दिवसांतल्या आजारपणाच्या भागात नोंदी कमी येताहेत. ‘पंधरा दिवसांत कोणी आजारी होतं का?’ नाही. समोरच बीपीच्या गोळ्यांची पट्टी. त्यांच्या लेखी बीपी, शुगर हा आजार नव्हे, ती ‘चालू’ असते. क्रम उलटा केला: आधी ‘रोजच्या गोळ्या कोणाला चालू आहेत?’, मग ‘मेडिकलवरून गोळ्या आणल्या का?’, मग ‘सुई, सलाईन घेतली का?’ आणि शेवटी आजार. कळमनुरी-गंगाखेडचा हा भाग जुन्या क्रमाने झाला आहे, त्यामुळे तालुक्यांची या बाबतीत तुलना करायची नाही. अहवालात तसं स्पष्ट लिहायचं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

‘सरकारी दवाखान्यात केसपेपरचे किती?’ यावर सारख्याच गावात शून्यही येतं आणि पैसेही येतात. दोन्ही बरोबर असू शकतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नाही. सोलापूरला ‘सिव्हिल’ म्हणतात ते महाविद्यालयाचं रुग्णालय. म्हणून ‘सरकारी’ चे तीन तुकडे केले: उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, आणि महाविद्यालयाचं. नुसतं ‘दवाखाना’ ऐकून थांबायचं नाही, गाव आणि इमारत विचारायची.

पैसे कुठून आणले, या प्रश्नात ‘कर्ज’ म्हटलं की बँक समजतात आणि नाही म्हणतात. पर्याय बदलले: बचत गट, सोनं गहाण, सावकार, पाहुण्यांकडून हातउसने, जनावर विकलं, सोयाबीन पडत्या भावात काढलं, ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे). उचल कर्जातच धरायची. ती पुढच्या हंगामात अंगावर फेडायची असते, व्याज वेगळं सांगितलं जात नाही. व्याजाचा रकाना रिकामा राहिला तर राहू द्यायचा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वजनं. एका गावाचं उदाहरण नोंदवतो: यादीत २१२ घरं, ॲडमिटची ३८, बाकी १७४. दोन्हींतून दहा-दहा घेतली, म्हणजे पहिल्या गटातलं प्रत्येक घर ३.८ घरांचं आणि दुसऱ्यातलं १७.४ घरांचं. वजन न लावता टक्केवारी काढली तर निम्मं गाव ॲडमिट झालेलं दिसतं. लावली की १८ च्या आसपास. काल फिरलेल्या कच्च्या तक्त्यात वजनं नव्हती. तो तक्ता कोणी पुढे पाठवला असेल तर मागे घ्यावा.

घर मोडणारा खर्च दोन मापांनी काढणार: घराच्या एकूण वार्षिक खर्चाच्या १० टक्क्यांवर, आणि खाण्याव्यतिरिक्तच्या खर्चाच्या ४० टक्क्यांवर. भाजकात, म्हणजे घराच्या खर्चात, घरची ज्वारी, तूर, दूध गावच्या भावाने धरलं आहे. ते सोडलं तर शेतकऱ्याचं घर उगीच गरीब दिसतं आणि टक्का फुगतो. १५ दिवसांचा दवाखाना २४.३३ ने गुणून वर्षाचा करायचा, पण तो गावाच्या, तालुक्याच्या सरासरीसाठीच. एकेका घरावर असं गुणलं तर ज्याने नेमकी त्याच पंधरवड्यात सोनोग्राफी केली ते घर वर्षभर सोनोग्राफी करत बसलेलं दिसतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पूर्ण मुलाखती ४३९. नकार ८. राहिलेली ३३ घरं ऊसतोडीची, बहुतेक गंगाखेडची. पाडवा ३० मार्चला आहे. कारखान्यांचे पट्टे पडल्यावर (गाळप संपल्यावर), एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दोघांनी चार दिवस जायचं. त्यांच्यासाठी घटनांची पट्टी नवी लागेल, वर्षाची हद्द पुढे सरकते. राम मंदिर बाद, सुरुवात लोकसभेच्या मतदानापासून. फॉर्ममध्ये दोन प्रश्न वाढवायचे: आजारपण उसाच्या फडावर आलं की गावात, आणि तेव्हा रेशन कार्ड कुठे होतं. टॅब क्रमांक ७ ची बॅटरी फुगली आहे, तो नेऊ नये.